निकाल आपल्या बाजूने लागला. तो बराकीपर्यंत कोण नेणार?

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. तुरुंगात जात पाहून काम वाटणे, जात पाहून बराक देणे आणि 'सराईत गुन्हेगार' या शब्दाआडून भटक्या-विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणे घटनाबाह्य ठरले. त्या दिवशी आपल्या प्रत्येक ग्रुपवर निकालाच्या बातम्या फिरल्या. स्टेटस लागले, अभिनंदनाचे संदेश आले, कलम 17 चा विजय झाला म्हणून आम्हीही लिहिले. आठ-दहा दिवसांनी दुसरा विषय आला आणि ग्रुप तिकडे वळला.

आमचा प्रश्न साधा आहे. त्या निकालानंतर आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात शौचालय कोण साफ करतो आणि भाकरी कोण थापतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? रजिस्टरातला जातीचा रकाना गेला की नाही, हे कोणी पाहिले?

हा प्रश्न विचारल्यावर काही कार्यकर्त्यांना राग येतो. ते म्हणतात, निकाल लागला, आता अंमलबजावणी हे सरकारचे काम. महाडच्या इतिहासाकडे पाहिले तर हे बोलणे किती भाबडे आहे ते कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ आपल्या बाजूने होते, नगरपालिकाही कागदावर आपल्या बाजूने होती. तरी तीन वर्षे त्या तळ्याला आपल्या माणसाचा हात लागला नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तिथे जावे लागले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, सनातनी कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. ठराव, अंमल आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांच्या चळवळीला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आपण ते विसरत चाललो आहोत.

म्हणून आज एका वकिलाच्या कामाबद्दल लिहायचे आहे. हा वकील आपला नाही, आपल्या देशाचाही नाही. त्याचे नाव व्हिन्सेंट नेथन. अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलेडो विद्यापीठात तो कायद्याचा प्राध्यापक होता. खटले जिंकून देणारा वकील म्हणून त्याची ओळख नाही. न्यायालयाने निकाल दिल्यानंतर तो निकाल तुरुंगाच्या भिंतीआड पाळला जातो की नाही, हे पाहण्यात त्याची कारकीर्द गेली. अमेरिकेत या पदाला 'स्पेशल मास्टर' म्हणतात. 'मास्टर' या शब्दाचा मालकीशी काही संबंध नाही. तो न्यायाधीशाने नेमलेला विशेष पर्यवेक्षक असतो.

अमेरिकेचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारेल. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावही तिकडच्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतले. त्याच 1972 साली टेक्ससच्या तुरुंगात जे घडले त्यात तर एक धागा थेट आपल्या धम्माचा आहे.

फ्रेड क्रूझ हा टेक्ससच्या तुरुंगातला कैदी बौद्ध होता. इतर धर्मांच्या कैद्यांना तुरुंगातले प्रार्थनागृह वापरता येत होते, त्याला मनाई होती. त्याने बौद्ध धम्माची पुस्तके आणि कागद इतर कैद्यांना वाचायला दिले, म्हणून त्याला दोन आठवडे एकांत कोठडीत टाकून पाव आणि पाण्यावर ठेवले, अशी त्याची तक्रार होती. खालच्या न्यायालयांनी ती ऐकूनही घेतली नाही. 20 मार्च 1972 रोजी, म्हणजे महाडच्या संगराला बरोबर 45 वर्षे झाली त्या दिवशी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तक्रार खरी असेल तर तो धर्मस्वातंत्र्याचा भंग आहे आणि तिची सुनावणी झालीच पाहिजे. हा क्रूझ विरुद्ध बेटो खटला तिकडे कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. आपल्या विहारांत मात्र त्याचे नाव ऐकू येत नाही.

क्रूझसारख्या कैद्यांना फ्रान्सेस जॅलेट नावाच्या वकील बाई मदत करत होत्या. तुरुंग खात्याच्या प्रमुखाने त्यांना तुरुंगात यायला बंदी घातली. ज्या कैद्यांनी त्यांचे वकीलपत्र सोडायला नकार दिला, त्यांना इतरांपासून तोडून एका वेगळ्या टोळीत घातले आणि शेतावर राबवले. खात्याचा हेतू होता की बंडखोर एका जागी डोळ्यांसमोर राहावेत. झाले उलटेच. काळे, मेक्सिकन आणि गोरे कैदी एकत्र आले, एकमेकांचे अर्ज लिहू लागले, कायदा शिकू लागले. याच वातावरणातून डेव्हिड रुईझ पुढे आला. या मेक्सिकन-अमेरिकन कैद्याने 1972 च्या जूनमध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज केंद्रीय न्यायालयात पोहोचवला. पुढे तो रुईझ विरुद्ध एस्टेल म्हणून ओळखला गेला.

अर्ज न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांच्यासमोर आला. शाळांमधील वर्णभेद मोडण्याचे आदेश दिल्यामुळे गावातल्या गोऱ्यांनी ज्यांना वाळीत टाकल्यासारखे केले होते, तेच हे न्यायाधीश. त्यांनी वेगवेगळ्या कैद्यांचे अर्ज एकत्र केले, विल्यम बेनेट टर्नर या नागरी हक्कांच्या वकिलाला कैद्यांची बाजू मांडायला सांगितले आणि केंद्र सरकारच्या न्याय विभागालाही खटल्यात आणले. 1978 च्या ऑक्टोबरमध्ये साक्षी सुरू झाल्या. सुनावणी 159 दिवस चालली, 349 साक्षीदार तपासले गेले. डिसेंबर 1980 मध्ये निकाल आला: टेक्ससची संपूर्ण तुरुंग व्यवस्था राज्यघटनेचा भंग करते. एका माणसाला अपुऱ्या पडणाऱ्या कोठडीत दोन-तीन माणसे, जमिनीवर झोपणारे कैदी, अप्रशिक्षित कैद्यांकडून चालवले जाणारे दवाखाने, अमानुष मारहाण, आणि वकिलाला पत्र लिहिले म्हणून शिक्षा, हे सगळे त्या निकालात नोंदले गेले.

त्यातली एक गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. टेक्ससचे बरेचसे तुरुंग जुन्या मळ्यांच्या जमिनीवर उभे होते आणि त्यांचा कारभारही मळ्यासारखा होता. पहारेकरी फार थोडे. मग हजारो कैद्यांवर वचक कोण ठेवणार? त्यासाठी कैद्यांतूनच दांडगे लोक निवडले जात. त्यांना 'बिल्डिंग टेंडर' म्हणत. आपल्या भाषेत सांगायचे तर मुकादम. त्यांना चांगली कोठडी, मोकळा वावर आणि हत्यार बाळगण्याची मूक परवानगी मिळे. बदल्यात त्यांनी इतर कैद्यांना मारून-मुटकून ताब्यात ठेवायचे आणि कोण अर्ज लिहितो याची खबर द्यायची. ही पद्धत 1973 च्या राज्याच्या कायद्यानेच बंद केली होती. तरी ती राजरोस चालू होती आणि सरकारी वकील न्यायालयात सांगत होते की असे काही अस्तित्वातच नाही.

आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. पिळलेल्यांतूनच काहींच्या हातात काठी द्यायची, त्यांना थोडे वरचे स्थान द्यायचे आणि खालच्यांना त्यांच्याकरवी दाबायचे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेतील ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिचेच हे तुरुंगातले रूप. समाजशास्त्रात अर्विंग गॉफमनने वेड्यांची इस्पितळे, तुरुंग, छावण्या अशा संस्थांचा अभ्यास केला आणि दाखवले की माणसाचे झोपणे, खाणे, काम सगळे एकाच सत्तेखाली आले की तिथे लेखी नियमांपेक्षा आतला अलिखित नियमच चालतो. न्यायालयाचा आदेश लेखी नियम बदलतो. अलिखित नियमाला हात लावायला आत माणूस जावा लागतो.

1981 साली न्यायाधीश जस्टिस यांनी नेथनला टेक्सससाठी स्पेशल मास्टर नेमले. तोवर त्याने हे काम इतरत्र केलेले होते. ओहायोतल्या मॅरियनच्या तुरुंगात खात्याने सुधारणा मान्य करूनही त्या पाळल्या नाहीत, तेव्हा 1975 मध्ये न्यायालयाने त्याला नेमले. जॉर्जियात रिड्सव्हिलच्या तुरुंगात काळ्या कैद्यांनी 1972 साली वर्णभेदाविरुद्ध खटला भरला होता, तिथेही देखरेखीचे काम त्याच्याकडे आले. पुढे न्यू मेक्सिको आणि पोर्तो रिको इथेही त्याने हेच काम केले. 1979 मध्ये त्याने संस्थांच्या सुधारणेत अशा पर्यवेक्षकाचा उपयोग काय, यावर कायद्याच्या नियतकालिकात सविस्तर लेखही लिहिला. म्हणजे तो एका खटल्यापुरता नेमलेला पाहुणा नव्हता. हे काम एक स्वतंत्र कौशल्य आहे, असे मानून त्याने ते केले.

त्याच्याकडे अधिकार कोणते होते? तुरुंगात कुठेही, केव्हाही जाण्याचा. कोणतेही रजिस्टर पाहण्याचा. कैद्याशी आणि शिपायाशी अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत बोलण्याचा. साक्षी घेऊन न्यायाधीशाला लेखी अहवाल देण्याचा. आणि कोणते नव्हते? तुरुंग चालवण्याचा, बदल्या करण्याचा, स्वतः हुकूम सोडण्याचा. तो फक्त पाहायचा, मोजायचा, लिहायचा. हाताखाली मॉनिटर होते, ते वेगवेगळ्या तुरुंगांत फिरत. ऐकायला हे काम कारकुनी वाटते. पण याच कामाने टेक्ससचा मुकादमी कारभार उघडा पडला.

निकाल लागल्यावरही राज्य सरकार म्हणतच होते की मुकादम नाहीत. नेथनच्या माणसांनी तुरुंगांत जाऊन कोण कुठे राहतो, कोणाकडे चाव्या आहेत, कोण कोणाला मारतो, याची नोंद केली आणि पद्धत चालूच असल्याचा अहवाल न्यायालयात दिला. सरकार चवताळले. स्पेशल मास्टर मर्यादा ओलांडतो, पक्षपात करतो, असे आरोप झाले, त्याला हटवण्याचे प्रयत्न झाले. पण न्यायालयात साक्षी सुरू झाल्या तेव्हा नाकारण्याला जागा उरली नाही. 1982 मध्ये राज्याने मुकादमी पद्धत मोडण्याचा करार केला. त्याच वर्षी अपील न्यायालयाने काही उपाय छाटले, पण टेक्ससचे तुरुंग घटनाबाह्य आहेत हा मूळ निष्कर्ष आणि स्पेशल मास्टरची नेमणूक कायम ठेवली.

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबलो असतो तर भाषणात टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढचेही सांगितले पाहिजे, कारण शिकण्यासारखे जास्त तिथेच आहे.

मुकादम हटले, पण त्यांच्या जागी पुरेसे पहारेकरी भरले गेले नाहीत. राज्याने वर्षानुवर्षे पगार वाचवून जी पोकळी ठेवली होती ती उघडी पडली आणि तुरुंगातल्या टोळ्यांनी ती भरली. 1984 आणि 1985 या दोन वर्षांत टेक्ससच्या तुरुंगांत 52 कैद्यांचे खून झाले. सुधारणेचे विरोधक ओरडले: बघा, जुनी पद्धतच बरी होती! हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. राखीव जागा भरल्याच नाहीत, मग 'पात्र उमेदवार मिळत नाहीत' असे म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. खून मुकादमी मोडल्यामुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. ती मोडताना तिची जागा घेणारी व्यवस्था उभी करायची जबाबदारी राज्याने टाळली, म्हणून झाले. पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. 'हे बंद करा' एवढी मागणी पुरी नसते. बंद झाल्यावर ते काम कोण करेल, किती पगारावर, किती माणसे, हेही मागणीत असावे लागते. नाहीतर किंमत आतल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला मोजावी लागते.

1986 च्या अखेरीस न्यायाधीशांनी राज्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले आणि सुधारणा न केल्यास दिवसाला 8 लाख डॉलरपर्यंत दंडाची तंबी दिली. तेव्हा कुठे तिजोरी उघडली. पण ही तंबी हवेतून आली नव्हती. कोणत्या तुरुंगात कोणता आदेश पाळला नाही, याची वर्षानुवर्षांची नोंद न्यायाधीशांच्या टेबलावर होती. नोंद नसती तर सरकारी वकिलाने 'काम प्रगतिपथावर आहे' असे शपथपत्र दिले असते आणि तारीख पडली असती. आपल्याकडच्या तारखा कशा पडतात हे आम्ही वेगळे सांगायला नको.

स्पेशल मास्टरचे कार्यालय 1990 मध्ये बंद झाले. खटल्यातील देखरेख संपायला 2002 साल उजाडले. रुईझने अर्ज लिहिल्याला तेव्हा 30 वर्षे झाली होती. रुईझ स्वतः 2005 मध्ये कैदी म्हणूनच वारला.

आता आक्षेप. आमच्याच मित्रांकडून आम्ही ते ऐकले आहेत आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप: या सुधारणांनी तुरुंग संपले नाहीत, वाढले. हे खरे आहे. खटला सुरू झाला तेव्हा टेक्ससच्या तुरुंगांत पंधरा-सोळा हजार माणसे होती. तो संपला तेव्हा सव्वा लाखाच्या वर होती आणि त्यांत काळे व मेक्सिकन लोक त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते. गर्दी कमी करा असा आदेश आला तर राज्यकर्त्यांनी माणसे सोडण्यापेक्षा नवे तुरुंग बांधले. न्यायालय सांगू शकते की आत ठेवलेल्या माणसाला माणसासारखे वागवा. आत कोणाला टाकायचे, हे पोलीस, विधिमंडळ आणि समाज ठरवतात. म्हणून देखरेखीचे काम हे राजकीय लढ्याची जागा घेऊ शकत नाही. पण या कारणावरून ते काम सोडून द्यायचे म्हणजे आज आत असलेल्या आपल्या भावाला सांगायचे की क्रांती होईपर्यंत मार खा. हे आम्हाला मान्य नाही.

दुसरा आक्षेप: बाहेरचा एक प्राध्यापक येऊन शोषितांचे भले करतो, ही जुनीच उद्धारकाची गोष्ट आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि उत्तरही या खटल्यातच आहे. नेथनच्या आधी रुईझ होता. रुईझच्या आधी क्रूझ होता. कैद्यांनी जिवावर उदार होऊन अर्ज लिहिले, साक्षी दिल्या, मार खाल्ला. नेथनकडे जे अधिकार आले ते या माणसांच्या लढ्यातून आले. उद्धार कोणी बाहेरून करत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. पण स्वतः उठलेल्या माणसाला नोंद ठेवणारा, कायदा जाणणारा, न विकला जाणारा साथीदार लागतो, हेही त्यांनी स्वतः वकिली करून दाखवले.

तिसरा आक्षेप: न्यायालये त्यांचीच, मग त्यांच्यावर भरवसा कशाला? यावर आमचे म्हणणे असे की भरवसा आणि वापर या दोन गोष्टी आहेत. संविधान सभेत 9 डिसेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी घटनात्मक उपायांच्या कलमाला, म्हणजे आजच्या कलम 32 ला, संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. त्यांनी न्यायाधीशांना आत्मा म्हटलेले नाही. दाद मागण्याच्या हक्काला म्हटले. तो हक्क निकालाच्या दिवशी संपत नाही.

टेक्ससचेच आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. ॲलन लमार या काळ्या कैद्याने वर्णावरून कैद्यांना वेगळे ठेवण्याविरुद्ध खटला भरला आणि 1977 मध्ये भेद बंद करण्याचा संमती-आदेश झाला. तरी काळा आणि गोरा एका कोठडीत राहतील अशी व्यवस्था प्रत्यक्षात 1991 मध्ये सुरू झाली. मध्ये चौदा वर्षे गेली. एकत्र ठेवले तर रक्तपात होईल, असे अधिकारी म्हणत होते. पुढे अभ्यासकांनी पाहिले तर एका वर्णाच्या कोठड्यांपेक्षा मिश्र कोठड्यांत जास्त मारामारी होत नव्हती. आपल्याकडेही 'शांतता राखण्यासाठी' जातवार बराकी लागतात, असा युक्तिवाद झालाच होता. न्यायालयाने तो फेटाळला आहे. पण चौदा वर्षांचा हिशोब लक्षात ठेवा.

आता आपल्या निकालाकडे येऊ. पत्रकार सुकन्या शांता यांनी आधी बातमीदारी केली, मग स्वतः याचिकाकर्त्या झाल्या. त्यातून उघड झालेले नियम वाचून कोणाचेही डोके फिरेल. उत्तर प्रदेशच्या नियमात साध्या कैदेतील माणसाला हलके काम देऊ नये, मात्र तो अशा कामाची 'सवय' असलेल्या समाजाचा असेल तर चालेल, अशी तरतूद होती. पश्चिम बंगालच्या नियमात सफाईसाठी मेथर, हाडी, चांडाळ अशा जातींची नावेच लिहिलेली होती. न्यायालयाने असे नियम कलम 14, 15, 17, 21 आणि 23 विरुद्ध ठरवले, राज्यांना तीन महिन्यांत नियमावली दुरुस्त करायला सांगितले, रजिस्टरातील जातीचा रकाना काढायला सांगितले. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने आदर्श कारागृह नियमावलीत तसे बदलही केले.

आणि देखरेख? ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि कारागृहाचे अभ्यागत मंडळ यांच्याकडे दिली आहे. या दोघांनी मिळून नियमित पाहणी करायची आहे आणि अहवाल वर पाठवायचा आहे. न्यायालयाने स्वतःहून प्रकरण पुढे चालू ठेवले, ही जमेची बाजू. पण इथेच आम्हाला काळजी वाटते. नेथनला दुसरे काम नव्हते. इथे आधीच कामाने वाकलेल्या प्राधिकरणावर आणि बहुतांशी सरकारी अधिकाऱ्यांनी भरलेल्या मंडळावर हे ओझे आहे. मंडळ येणार हे आधी कळते, अंगण झाडले जाते, कैद्याला अधिकाऱ्यासमोर विचारले जाते, 'काही तक्रार?' तो काय सांगणार?

शिवाय आपल्याकडचा मुकादम कायद्यातच बसलेला आहे. 1894 च्या कारागृह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे कैद्यालाच कारागृहाचा अधिकारी नेमता येते आणि त्याला लोकसेवक मानले जाते. नियमावलीतून जात पुसली गेली, पण काम वाटणारा कैदी-वॉर्डर सवर्ण असेल आणि झाडू मात्र त्याच आडनावांच्या हातात जात असेल, तर कागद स्वच्छ आणि बराक तशीच. जातीचा रकाना काढला तरी आडनाव राहतेच, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

न्यायालयाने नेमलेल्या माणसाने आत जाऊन पाहण्याची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. 1984 च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना आयुक्त म्हणून फरिदाबादच्या दगडखाणींत पाठवले होते. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात 2002 पासून एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन यांच्यासारखे आयुक्त रेशन आणि शाळेतल्या जेवणाचा हिशोब न्यायालयाला देत होते. शंकरन यांनी वेठबिगार आणि सफाई कामगारांसाठी आयुष्य खर्ची घातले, हे चळवळीला माहीत आहे. उलट बाजूला पाहा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये द्या, असे न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख करावी लागली आणि हाताने मैला साफ करणे संपवा हे पुन्हा बजावावे लागले. रोज आत डोकावणारा माणूस नसेल तर आदेश असा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. प्रत्येक राज्यात या निकालासाठी न्यायालयाने स्वतंत्र, पूर्णवेळ पर्यवेक्षक नेमावा, त्याला न सांगता आत जाण्याचा आणि कैद्याशी एकट्याने बोलण्याचा अधिकार असावा. त्याच्या चमूत अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातले लोक आणि सुटून आलेले कैदी असावेत. त्याचे अहवाल मराठीत लोकांसमोर यावेत. आणि सफाईचे काम पाळीने सर्वांना वाटावे किंवा पगारी माणसे भरावीत, यासाठी अर्थसंकल्पात तरतूद व्हावी. टेक्ससमधल्या 52 मृत्यूंनंतर ही चौथी मागणी आम्ही विसरू शकत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते. वकील झालेल्या मुला-मुलींना कारागृह भेटीच्या यादीत जाता येते. अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य नेमले जातात, तिथे आपली माणसे का नसावीत? माहितीच्या अधिकारात पाहणीच्या तारखा आणि अहवाल मागता येतात. आपल्या वस्तीतला पोरगा जामिनावर सुटून आला की त्याला 'काय केले होतेस' हे विचारण्याआधी 'आत तुला कोणते काम दिले होते' हे विचारता येते. तारीख, बराक, काम, कोणी दिले, एवढे वहीत लिहिले तरी ती नोंद उद्या न्यायालयात उभी राहते. रुईझचा खटला असल्याच कागदांवर उभा राहिला.

आपल्या चळवळीत भाषण करणारे भरपूर आहेत, कवी आहेत, मोर्चा काढणारे आहेत आणि ते हवेतच. पण दर महिन्याला जाऊन शौचालये मोजणारा, रजिस्टर वाचणारा, त्याच अधिकाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या सोसून पुन्हा पुढच्या महिन्यात जाणारा कार्यकर्ता कमी आहे. त्याला हार पडत नाहीत, बॅनरवर फोटो लागत नाही. एल्एल्. बी. करणाऱ्या आणि समाजकार्य शिकणाऱ्या आमच्या भावा-बहिणींनो, चवदार तळे कागदावर खुले होते त्या तीन वर्षांत जे काम कोणी केले नाही, ते तुम्ही करा. पुढच्या 20 मार्चला महाडला जाल तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाची पहिली पाहणी-वही बरोबर घेऊन जा.

जय भीम!